रेचल कार्सन: फवारलेलं औषध पुढे कुठे जातं, हे शोधणारी बाई

फोनवर एक्यूआय बघणं आता पावसाचा अंदाज बघण्याइतकंच नेहमीचं झालंय. आकडा लाल दिसला की खिडकी बंद, हिरवा दिसला की आपण निर्धास्त. पण त्या आकड्यात नेमकं काय मोजलेलं असतं, हे कधी बघितलंय का? बारीक धूळ, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड वगैरे. काही रसायनं अशी आहेत की ती या आकड्यात येतच नाहीत. ती हवेतून नाहीशी झाली असं वाटतं तेव्हा खरंतर झाडांच्या पानांवर जाऊन बसलेली असतात. पानं गळली की जंगलाच्या मातीत जातात आणि ऊन तापलं की मातीतून परत हवेत येतात. हा प्रकार वर्षानुवर्षं चालतो. या रसायनांना टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं म्हणतात. डीडीटी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

हा विषय सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत पहिल्यांदा मांडला तो रेचल कार्सन या अमेरिकन बाईनं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, केमिस्ट्रीशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापुरता. तरीही तिचं पुस्तक वाचताना मला सारखं आमचंच काम आठवत होतं. सिस्टिममध्ये एका ठिकाणी काहीतरी बदललं आणि चौथ्याच ठिकाणी काहीतरी मोडलं, तर मधल्या तीन पायऱ्या कोणत्या? तिनं हेच शोधलं, फक्त तिची सिस्टिम म्हणजे झाडं, गांडुळं आणि पक्षी होते.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावात. जवळच पिट्सबर्ग, म्हणजे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं शहर. घरी ६५ एकर जमीन होती, पण पैसा नव्हता. आई तिला रानात फिरवायची, पक्षी आणि किडे ओळखायला शिकवायची. समुद्र तिनं लहानपणी पाहिलासुद्धा नव्हता, आणि पुढे तिचं नाव झालं ते समुद्रावरच्या पुस्तकांमुळे. लेखिका व्हायचं म्हणून कॉलेजला इंग्रजी घेतलं आणि मध्येच जीवशास्त्राकडे वळली. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमए केलं. पीएचडी करायची होती, पण तो मंदीचा काळ होता, घर चालवायचं होतं. १९३५ मध्ये वडील वारले, दोन वर्षांनी मोठी बहीण गेली आणि तिच्या दोन लहान मुली रेचल आणि तिच्या आईच्या पदरात आल्या.

मग सरकारी नोकरी. अमेरिकेच्या मत्स्य विभागासाठी ती आधी रेडिओची स्क्रिप्ट लिहायची, मग १९३६ मध्ये तिथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. दिवसा सरकारी अहवाल आणि रात्री स्वतःचं लिखाण, असं १५ वर्षं चाललं. १९५१ मध्ये आलेलं समुद्रावरचं तिचं दुसरं पुस्तक ८६ आठवडे बेस्टसेलर यादीत राहिलं. तेव्हा कुठे तिला नोकरी सोडता आली.

या सरकारी नोकरीचा एक फायदा झाला, जो पुढे फार कामी आला. कोणतं खातं कशावर अभ्यास करतंय आणि कोणते अहवाल कपाटात पडून आहेत, हे तिला आतून माहीत होतं. डीडीटीचे प्राण्यांवर काय परिणाम होतात याच्या सरकारी चाचण्या मेरीलँडमध्ये चालू होत्या. त्यावर लेख लिहू का, असं तिनं १९४५ मध्येच रीडर्स डायजेस्टला विचारलं होतं. त्यांना विषय रुचला नाही.

न रुचण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. डीडीटी तेव्हा हिरो होतं. हे रसायन १८७४ मध्येच तयार झालं होतं, पण त्यानं किडे मरतात हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरला कळलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या नेपल्स शहरात टायफस पसरला, तेव्हा लोकांच्या अंगावर, कपड्यांत डीडीटीची पावडर मारून उवा मारल्या आणि साथ आटोक्यात आणली. म्युलरला १९४८ चं नोबेल मिळालं. युद्ध संपल्यावर कारखाने तयार होते, विमानं तयार होती, आणि माल खपवायचा होता. मग शेतांवर, गावांवर, जंगलांवर फवारणी सुरू झाली.

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा हकिन्स नावाच्या ओळखीच्या बाईनं रेचलला पत्र पाठवलं. त्यांच्या राखीव पक्षी-आवारावरून डास मारण्यासाठी विमानानं फवारणी झाली होती आणि पक्षी मरून पडले होते. त्याच सुमाराला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लोक कोर्टात गेले होते, कारण जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाचे सुरवंट मारायला सरकारनं त्यांच्या बागांवर न विचारता डीडीटी ओतलं होतं. ती केस लोक हरले. रेचलनं मात्र त्या केसमधली साक्षीपुराव्याची कागदपत्रं मागवून घेतली आणि पुढची चार वर्षं हाच विषय धरला.

एल्मचं पान, गांडूळ आणि रॉबिन

तिच्या पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. खरं सांगायचं तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

अमेरिकेत रस्त्याच्या दुतर्फा एल्मची मोठमोठी झाडं असायची. त्यांना एका बुरशीचा रोग लागला, आणि ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेत होते सालीतले भुंगेरे. भुंगेरे मारण्यासाठी झाडांवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली. मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगच्या विद्यापीठाच्या आवारात हे १९५४ मध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षी काहीच वाईट दिसलं नाही. पुढच्या वसंतात रॉबिन पक्षी नेहमीसारखे परत आले आणि मरायला लागले. थरथरायचे, तोल जायचा, मग आचके देऊन मरायचे. तिथले पक्षीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉलेस यांना आधी काहीतरी रोग असावा असं वाटलं. पण लक्षणं विषबाधेची होती. आता गंमत अशी की यातले बरेच पक्षी फवारणीच्या वेळी तिथे नव्हतेच! मग विष आलं कुठून?

उत्तर इलिनॉयच्या रॉय बार्कर यांच्या १९५८ च्या अभ्यासातून मिळालं. फवारलेलं डीडीटी पानांवर आणि सालीवर पातळ थरासारखं चिकटून राहतं. पावसानं ते धुऊन जात नाही, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शरद ऋतूत पानं गळतात, जमिनीवर पाचोळा होतो. गांडुळांना एल्मची पानं फार आवडतात. ती पानं खातात, त्याबरोबर डीडीटी खातात, आणि बरीचशी गांडुळं मरत नाहीत, ते अंगात साठवून ठेवतात. हिवाळा संपतो, रॉबिन येतात आणि गांडुळं टिपायला लागतात. मोठी ११ गांडुळं म्हणजे एका रॉबिनला पुरेल एवढं विष, असा त्यांचा हिशेब होता. रॉबिन काही मिनिटांत तेवढी गांडुळं खातो.

बघा, फवारणी आणि मृत्यू यांच्यात अख्खं एक वर्ष गेलं. फवारणारा माणूस म्हणणार, माझ्या औषधानं एकही पक्षी मेला नाही. त्या दिवसापुरतं ते खरंही होतं! ज्यांचा परिणाम उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसतो, ते बग पकडणं अवघड का असतं ते कोणत्याही डेव्हलपरला विचारा. वॉलेस आणि बार्कर यांनी आपापले तुकडे शोधले होते, ते शास्त्रीय नियतकालिकांत छापलेही होते. रेचलनं ते दहा ठिकाणांहून गोळा करून सलग गोष्ट केली. हे काम काहींना कमी दर्जाचं वाटतं, मला वाटत नाही.

दुसरी केस कॅनडातली. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या जंगलात बडवर्म नावाची अळी फर आणि स्प्रूसच्या झाडांचे कोंब खात होती, आणि कागदाच्या कारखान्यांना लाकूड हवं होतं. जून १९५४ मध्ये विमानांनी मिरामिची नदीच्या खोऱ्यावर एकरी अर्धा पौंड डीडीटी तेलात मिसळून फवारलं. नद्या-ओढे वगळायचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी जन्मलेली सामन माशांची पिल्लं जवळजवळ सगळी गेली, आणि त्यांचं खाद्य असलेले पाण्यातले किडेही गेले. हे इतकं नेमकं सांगता आलं याचं कारण योगायोग. त्याच नदीतल्या सामनचा सरकारी अभ्यास काही वर्षं आधीपासून चालू होता, त्यामुळे फवारणीच्या आधीचे आकडे हातात होते.

पुस्तक आणि आजारपण

हे सगळं लिहिताना तिच्या घरी काय चाललं होतं? ज्या दोन भाच्यांना वाढवलं होतं, त्यातली एक १९५७ मध्ये वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला रेचलनं दत्तक घेतलं. तेव्हा ती पन्नाशीची होती आणि लग्न झालेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी आई गेली. १९६० मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, पण हा कॅन्सर आहे हे डॉक्टरनं तिला सरळ सांगितलंच नाही. त्या काळी बायकांना असं सांगत नसत. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडून खरं कळलं, तोवर तो पसरला होता. मग किरणोपचार, सांधेदुखी, मध्ये काही दिवस डोळ्यांनी नीट दिसेना. पुस्तकात कीटकनाशकं आणि कॅन्सर यांवर एक प्रकरण आहे. त्यामुळे तिनं आजार लपवून ठेवला. कळला असता तर बाई स्वतःच्या दुखण्याचा राग कंपन्यांवर काढतेय, असंच सगळे म्हणाले असते.

‘सायलेंट स्प्रिंग’ जून १९६२ पासून न्यूयॉर्कर साप्ताहिकात येऊ लागलं आणि सप्टेंबरमध्ये पुस्तक म्हणून आलं. शेवटी संदर्भांची ५५ पानं. तरीही तुटून पडायचे ते पडलेच. वेल्सिकॉल या कंपनीनं प्रकाशकाला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, मोन्सँटोनं पुस्तकाची टर उडवणारा लेख छापला. तिच्याकडे पीएचडी नाही, ती भावनेच्या भरात लिहिते, तिचं लग्न झालेलं नाही, इथपर्यंत गाडी गेली. माझ्या मते पुस्तकात एक जागा खरंच कच्ची आहे. पहिलंच प्रकरण एका काल्पनिक गावाचं आहे, ज्यावर एकाच वेळी सगळी संकटं येतात. वाचायला ते जबरदस्त आहे, पण टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीनं मे १९६३ मध्ये अहवाल दिला आणि तिच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. त्याआधी एप्रिलमध्ये सीबीएस वाहिनीनं तिच्यावर कार्यक्रम केला होता, पाचपैकी तीन जाहिरातदारांनी त्यातून अंग काढून घेतलं तरीही. जूनमध्ये तिनं सेनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ ला ती गेली. वय ५६.

मलेरियाचं काय?

यूट्यूबवर तिचं नाव टाकलंत तर हा आरोप हमखास सापडेल: कार्सनमुळे डीडीटी बंद झालं आणि मलेरियानं लाखो माणसं मेली. फॉरवर्ड करण्याआधी तारखा बघा. डीडीटी सरसकट बंद करा असं तिनं पुस्तकात म्हटलेलं नाही. गरज असेल तिथे, कमीत कमी वापरा, कारण अंदाधुंद फवारणीनं किडे विषाला सरावतील आणि मग रोगाच्या वेळी औषधच उरणार नाही, असा तिचा मुद्दा होता. अमेरिकेतली बंदी १९७२ ची, तिच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आली, आणि ती अमेरिकेपुरती होती.

भारताचा हिशेब तर आपल्यासमोर आहे. १९५३ मध्ये मलेरियाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साडेसात कोटींच्या आसपास लोकांना मलेरिया व्हायचा. डीडीटीच्या फवारणीनं १९६५ पर्यंत तो आकडा एक लाखावर आला. केवढं मोठं यश! मग १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेला. या सगळ्या काळात भारतानं डीडीटी थांबवलं नव्हतं. फवारणीत पडलेला खंड, पैशाची आणि मालाची ओढाताण, आणि त्यात विषाला सरावलेले डास, अशी ती कारणं होती. शेतीत डीडीटी वापरायला भारतात १९८९ मध्ये बंदी आली. मलेरियासाठी मात्र सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स कंपनी ते बनवत राहिली, आणि तिच्या कारखान्यांपैकी एक आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला होता. २००१ च्या स्टॉकहोम करारानंही डासांसाठी डीडीटीला सूट ठेवली.

तिला न दिसलेला परतीचा रस्ता

रेचलनं दाखवलेला रस्ता होता विमान, पान, माती, गांडूळ, पक्षी. माती हे तिच्या गोष्टीत साठवणीचं ठिकाण आहे. मातीतून परत हवेत जाणारा रस्ता तिच्या पुस्तकात जवळपास नाही. आर्क्टिकमधल्या लोकांच्या शरीरात डीडीटी सापडल्याचं ती लिहिते, पण त्याचं कारण म्हणून अँकरेजच्या हॉस्पिटलमधल्या जेवणाकडे बोट दाखवते. तिथलं स्थानिक अन्न तेव्हाच्या तपासणीत जवळपास स्वच्छ निघालं होतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. पण ती गेल्यावर दोनच वर्षांत, १९६६ मध्ये, अंटार्क्टिकातल्या पेंग्विनमध्ये डीडीटी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे कोण जाऊन फवारणार?

हे समजायला कपाटातली डांबर गोळी आठवा. गोळीची वाफ होते, ती कपड्यांत मुरते. गोळी संपली तरी कपड्यांना वास येतो, म्हणजे आता कपडेच ती वाफ सोडतायत. कपाट उघडं ठेवलं तर वास लवकर जातो, बंद ठेवलं तर टिकतो, आणि उन्हात टाकलं तर झटपट उडतो. डीडीटी याच जातीचं, फक्त हजारो पट हळू उडणारं. हवा म्हणजे कपाटातली जागा आणि माती म्हणजे कपडे.

रसायन कोणत्या दिशेनं जाणार हे ठरतं दोन्हीकडच्या ‘पळून जाण्याच्या ओढी’वरून. याला शास्त्रात फ्युगॅसिटी म्हणतात. कॅनडातल्या डॉन मॅकाय यांनी १९७९ पासून ही जुनी कल्पना प्रदूषणाच्या हिशेबासाठी वापरली. हवेत ओढ जास्त असेल तर रसायन मातीत शिरतं, मातीत जास्त असेल तर बाहेर पडतं. फवारणी चालू असते तेव्हा हवेत भरपूर असतं, म्हणून माती भरत जाते. फवारणी थांबली, हवा स्वच्छ व्हायला लागली, की तीच माती उलट हवेला पुरवठा करायला लागते. उन्हाळ्यात ओढ वाढते, थंडीत घटते. त्यामुळे रसायन गरम जागेतून उडतं, थंड जागी बसतं, पुन्हा ऊन पडलं की उडतं. अशा टोळासारख्या उड्या मारत ते ध्रुवांकडे सरकतं.

यात जंगलाची माती वेगळी का? दोन कारणं. पहिलं, पानं. पानांवर मेणचट थर असतो आणि डीडीटीसारख्या रसायनांना मेण, चरबी, तेल हे सगळं फार प्रिय. दाट जंगलात जमिनीच्या एक चौरस मीटरवर कित्येक चौरस मीटर पानं पसरलेली असतात, म्हणजे हवा गाळणारी केवढी मोठी जाळी! विमान कधीच न आलेल्या जंगलातही पानं दूरवरून आलेली वाफ शोषतात आणि गळताना ती खाली नेतात. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या जंगलांमध्ये हे मोजून दाखवलं गेलं. दुसरं कारण म्हणजे पाचोळा कुजून तयार होणारा काळा ह्यूमस. त्यात सेंद्रिय पदार्थ ठासून भरलेले असतात आणि ही रसायनं त्यांना घट्ट धरून बसतात. म्हणून उघड्या जमिनीपेक्षा जंगलाची माती जास्त साठवते आणि हळू सोडते. पण जंगल तोडलं किंवा पेटलं, तर तो साठा एकदम मोकळा होऊ शकतो.

रेचलनं ज्या न्यू ब्रन्सविकबद्दल लिहिलं, तिथल्या आणि शेजारच्या मेन राज्यातल्या फवारलेल्या जंगलांची माती जॉर्ज वुडवेल यांनी तपासली होती. १९५८ ते १९६१ या काळात, फवारणी थांबलेल्या ठिकाणीसुद्धा, मातीतलं डीडीटी कमी होण्याऐवजी वाढलेलं निघालं. झाडांवर अडकलेला माल पानांबरोबर खाली उतरत होता. हा पेपर १९६४ मध्ये, तिच्या मृत्यूच्या वर्षीच छापून आला.

मेनच्या किनाऱ्यावर साउथपोर्ट बेटावर रेचलचं उन्हाळ्यातलं घर होतं, आणि तिची रक्षा काही प्रमाणात तिथल्या समुद्रात सोडली गेली. त्याच राज्याच्या आतल्या जंगलांवर बडवर्मसाठी डीडीटी १९६७ पर्यंत पडत राहिलं. जवळपास ३० वर्षांनी संशोधकांनी तिथली माती पुन्हा उकरून तपासली. १९९६ मध्ये त्यांनी निकाल छापला: डीडीटी अजून होतं.